पाटीवरचा निष्काळजीपणा

मी दीपस्तंभ बोलतोय. समुद्राचा नव्हे, एका मोठ्या तळ्याकाठचा. मोठी जहाजं मला ओळखत नाहीत. माझी माणसं म्हणजे होडीवाले, जाळंवाले, पलीकडून विटा आणणारे. ते मला 'बत्ती' म्हणतात.

एक होडी बुडाली म्हणून मला बांधलं. माणूस मेल्याशिवाय माणसांना दिवा लावायचं सुचत नाही.

माझ्या डाव्या हाताला पाण्याखाली खडक आहेत, उजव्या हाताला खोल पाणी आणि धक्का. म्हणून माझ्या दिव्याला खडकांच्या बाजूने लाल काच बसवली. खडकांकडून पाहिलं तर मी लाल दिसतो, खोल पाण्यातून पांढरा. नियम साधा होता. लाल दिसला तर वळ, पांढरा दिसला की सरळ ये. ज्याला सही येत नव्हती त्यालाही मी वाचता यायचो.

बत्तीवाले काका एकतीस वर्षं माझी काच पुसत होते. घरी बोलले नसतील तेवढं माझ्याशी बोलले.

मागच्या वर्षी माझी डागडुजी निघाली आणि गवंड्याच्या हातून लाल काच फुटली.

"साधी लावा तोवर," कचेरीतले साहेब म्हणाले. "उद्या पाहुणे यायचेत. दिवा लागला म्हणजे झालं."

"साहेब, होडीवाल्यांना सांगायला पाहिजे," काका म्हणाले.

"नोटीस लावतो ना."

नोटीस लागली. कचेरीच्या आतल्या फळ्यावर, सुट्ट्यांच्या यादीशेजारी. होडीवाला तिथे कशाला मरायला जाईल? मरायला तो माझ्याकडे आला.

दोघे भाऊ होते, एकाच होडीवर. त्या सकाळी त्यांचं भांडण झालं, तेही धाकट्याने जाळं ओलंच गुंडाळून ठेवलं म्हणून.

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" थोरला म्हणाला.

"मग जा एकटा. तुझी अक्कल घे सोबतीला."

थोरला खरंच एकटा गेला.

दिवेलागणीला धुकं उतरलं. थोरला खडकांच्या बाजूने परतत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पांढरा होतो. सरळ ये, असं मीच त्याला सांगितलं. तो आला.

धाकटा धक्क्यावर उभा होता. राग गेला होता, पण तोंड अजून फुगवलेलं होतं. भावाचा कंदील सरळ येताना त्याला दिसला. मग दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाल काच आली. दुपारी चौकशीवाले आले. त्यांनी वर येऊन काचेवर बोट फिरवलं आणि लिहिलं, काच जागेवर आहे. काकांना विचारलं तेव्हा काका खाली बघत राहिले.

धाकटा माझ्या पायऱ्या धावत चढला. "काका, एकदा तोंड उघडा. तुमच्याच हाताने बसवलीत ना ती साधी काच?"

"माझे दोन महिने राहिलेत रे नोकरीचे."

"आणि माझ्या दादाचे किती राहिले होते? ते कुणाला विचारू?"

काकांनी फडकं उचललं आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. एकतीस वर्षांत मला त्यांचा पहिल्यांदा राग आला. पण मी तरी कुठे बोललो? मला बोलायला दोनच रंग, आणि त्यातला खरा कचेरीने तीन दिवस उशिरा दिला.

आता सहलीचे लोक येतात. त्यांच्यासाठी माझ्या दाराशी पाटी लावलीय. माझी उंची, माझं वय, आणि खाली एक ओळ: 'दीपस्तंभ उभारल्यापासून येथे एकच अपघात झाला, तोही नाविकाच्या निष्काळजीपणामुळे.' धाकट्याने ती बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचली. मग खिळ्याने खरवडली. रंगारी आला, पुन्हा लिहून गेला. धाकटा पुन्हा खरवडतो. लोक म्हणतात, पोराचं डोकं फिरलंय. साहेबांनी त्याला दोनदा चौकीत बसवलं.

वाचणाऱ्यांनो, मी दगडाचा आहे, माझी साक्ष कुणी घेणार नाही. तरी सांगतो. त्याच्या भावाची काहीच चूक नव्हती. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्या पाटीवर लिहा. तेवढं जमणार नसेल, तर माझा दिवा काढून न्या. मला बघून अजून माणसं घराकडे वळतात.