त्राटिकेचा पहिला फेरा

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बढाई मारावी लागत नाही. ते नुसते गप्प बसले तरी समोरच्याला कळतं, की हा माणूस स्वतःला कोणीतरी समजतो. आणि का समजू नये? बोहाड्याच्या उत्सवाच्या दिवसांत मोखाड्याच्या आसपास जी मुखवट्यांची सोंगं नाचतात, त्यांतले निम्मे मुखवटे या देवजीमामांच्या हातचे. कागदाचा लगदा, मेथीचं पीठ आणि चिंचोक्याची खळ, एवढ्या सामानातून ते असा रावण काढतात की आपलीच मान खाली जावी.

मीही काही कमी नाही म्हणा. बारावी झाले, जव्हारला कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि तोंडाने पहिल्यापासून फटकळ. त्यामुळे या घरात गप्प बसणारा एक आणि बोलणारी एक असा जम बसला होता. मधल्या मध्ये माझा नवरा हेमराज. हात थेट बापाचे, पण बोहाडा संपला की त्या हातांना काम नाही. म्हणून त्याने बोईसरच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. पावसाआधी जायचं, तिथे ड्रम लोटायचे. बॅग माळ्यावरून काढून झाली होती. मला त्या बॅगेचा इतका राग यायचा की झाडताना मी मुद्दाम तिच्यावर केरसुणी आपटायचे. नवरा लांब जाणार याचं वाईट वाटत होतंच, पण ज्या हातांनी त्राटिका राक्षसिणीच्या मुखवट्याचे डोळे रंगवले त्यांनी ड्रम लोटायचे, हे मला सहन होत नव्हतं.

तेव्हा मी एक उद्योग केला. साल दोन हजार आठ. जव्हारला सुदर्शनचा सायबर कॅफे होता. त्याच्याकडून हेमराजने केलेल्या त्राटिकेचा फोटो वस्तू विकायच्या एका साइटवर टाकून घेतला. लांब लाल जीभ, सुळे, कानात कुंडलं, चेहऱ्यावर असा भाव की सगळं गाव हिचं देणं लागतं. आणि बोहाडा संपता संपता मेल आला. बेल्जियममधल्या एका लहान गावात लिसबेट नावाच्या बाई मुलांची नाटकं करतात, त्यांना त्राटिका हवी होती. त्यांनी लिहिलं होतं, नीट पोहोचली तर आणखी घेऊ.

मी नाचतच घरी आले. मामांनी विचारलं, "घेवून कोन जाईल?"

"कुरियरवाले असतात ना मामा. पार्सल करायचं."

"तसा नाय. सोंग कोन वाहील, तो इचारतो."

आमच्याकडे सोंगाची एक रीत आहे. ज्याला ते नाचवायचं असतं त्याच्याकडचं माणूस मुखवटा न्यायला कारागिराच्या घरी येतं. घरापासून मांडापर्यंत, म्हणजे सोंगं नाचतात त्या जागेपर्यंत, मुखवटा हातोहात जातो. जमिनीला टेकवायचा नाही. टेकला तर त्या वर्षी ते सोंग बसलं, नाचायचं नाही. आणि ज्याने वाहून आणलं, पहिला फेरा त्याचा. मग तो नाचणारा असो की नुसता हमाल. मामांनी हे सगळं बेल्जियमला लावलं.

"एक डाव धाडू," ते म्हणाले. "फुटली नायतर माघारी आली, तर परत त्या कॉम्पुटरचा नाव काढायचा नाय. हेमराज जाईल बोईसरला."

म्हणजे सगळं वाहणाऱ्यावर आलं.

आधी मामा आणि मी गेलो जव्हारच्या एका कुरियरच्या ऑफिसात. गार हवा, काचेचं टेबल, आणि टाय लावलेला धर्मेंद्र नावाचा माणूस. माझं मन तिथेच बसलं होतं. मामा मात्र मुखवटा मांडीवरून खाली ठेवेनात.

"भाऊ, रस्त्यात हिला जमिनीवर ठेवशाल का?"

धर्मेंद्र हसला. "काका, सगळं मशीनवर असतं. पट्ट्यावरून सरकत जातं. तीन दिवसांत दारात."

"दारात म्हंजे? हातात नाय?"

"घरी कोणी नसलं तर दारात ठेवून जातात. तिकडे चोऱ्या होत नाहीत."

मामा उठले. "दारात चपला ठेवतात," म्हणाले आणि बाहेर पडले. मला इतकी लाज वाटली, आणि खरं सांगते, थोडं हसूही आलं.

दुसरा मुंबईचा एजंट, सुदर्शनने कॅफेतून फोनवर गाठून दिलेला. हा बोटीने पाठवणार होता. सगळ्यांत स्वस्त. फक्त म्हणाला, "ताई, खेळणं असं लिहू या. भानगड नको."

"खेळणं?" मी म्हटलं. "तुम्ही खेळून बघा तिच्याशी. रात्री झोप लागली तर सांगा." आणि फोन ठेवला. मामा शेजारीच उभे होते. घरी येताना जीपमध्ये त्यांनी खिडकीकडची जागा मला दिली.

उरलं पोस्ट. पोस्ट म्हणजे राख्या आणि मनीऑर्डरी असं माझं ठाम मत, म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं. सुदर्शनने माहिती काढली. परदेशी पार्सल नाशिकच्या मोठ्या पोस्टात घेतात. तिकडे पोचलं की तिथलं पोस्ट ताबा घेतं, आणि घरच्या माणसाची सही घेऊन हातात देतं. कोणी नसलं तर चिठ्ठी ठेवून पार्सल परत नेतं.

"दारात टाकीत नाय?" मामांनी विचारलं.

"नाही."

"माघारी नेतो, परत आनतो?"

"हो."

"मंग तोच. त्याला रीत हाय."

वाहणारा ठरला. पण जमीन राहिलीच. पार्सल पोत्यात जाणार, पोतं कुठे ना कुठे टेकणार. हेमराजने आपल्या पद्धतीने खोक्यात भाताचा पेंढा कोंबून त्राटिका बसवली. टिकते का बघू तरी म्हणून मी खोकं माळ्यावरून खाली टाकलं. त्याच्याने टाकवत नव्हतं, मामा डोळे मिटून बसले होते, मग राहिलं कोण? उघडलं तर जिभेचं टोक उडालेलं. शिवाय पेंढा, गवत परदेशात चालत नाही, हे सुदर्शनने नंतर सांगितलं.

मामांनी जीभ डागडुजीला घेतली. हेमराजने बॅगेची चेन ओढून बघितली. अडकत होती, तिला मेण लावलं.

माझी तान्ही लेक रामी तेव्हा झोळीत होती. आढ्याला बांधलेली लुगड्याची झोळी. पोरगी आत लाथा झाडत होती, झोळी हलत होती, आणि खाली कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी झोका देत होते नि मनातल्या मनात साऱ्या जगाला शिव्या घालत होते. तेवढ्यात हात थांबला. एवढ्या लाथा झाडून पोर कुठे आपटत होती? ना भिंतीला लागत होती, ना जमिनीला.

"अहो," मी ओरडले, "त्राटिकेला बसवताय कशाला? टांगा!"

हेमराज दोन क्षण माझ्याकडे बघत राहिला, मग झोळीकडे, आणि मग जो कोयता घेऊन उठला तो थेट चिवाऱ्यांच्या बेटाकडे. बांबूच्या कामट्या घासून त्याने चौकट बांधली, ती खोक्यात घट्ट बसवली. माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करून त्राटिकेला चारी बाजूंनी ताणून मधोमध बांधलं. जीभ मोकळी, नाक मोकळं, कुठेही काही लागत नाही. यावेळी मामा म्हणाले, "मी टाकतो." त्यांनी खोकं माळ्यावरून सोडलं. उघडलं तेव्हा त्राटिका आत झुलत होती आणि आमच्याकडे बघून दात काढत होती.

"टेकली नाय," मामा म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्याने, शेजारी सुकऱ्याच्या घरात ऐकू जाईल असं.

नाशिकच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, खोकं वर टाका. मामांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे तिकिटं फाडायला निघून गेला. त्र्यंबकच्या घाटातल्या सगळ्या वळणांवर खोकं मांडीवर. मी घ्यायला गेले तर म्हणाले, "तुझी बारी पोस्टातल्या काट्यावर."

पोस्टातल्या बाई चांगल्या होत्या. आत काय आहे म्हणाल्या. मी सांगितलं, मुखवटा, कागदाचा, हाताने केलेला, बोहाड्यातला. त्यांनी तसंच्या तसं लिहिलं, आणि मग विचारलं, "धान्य, बी-बियाणं काही नाही ना?"

मामांनी खिशातून पुडी काढली. तांदूळ. सोंग घराबाहेर पडताना त्यावर तांदूळ टाकावे लागतात, आणि ती पुडी त्यांना खोक्यात घालायची होती.

"काका, हे नाही जाणार. खोकं तिकडून परत येईल."

मला वाटलं, झालं. आता मामा खोकं उचलून थेट मोखाडा गाठणार. मामा पुडीकडे बघत राहिले, मग बाईंकडे. "तुमी वाहनार ना?"

"इथून पुढे, हो. आमचीच माणसं."

"मंग तुमच्यावर टाकतो." आणि काउंटरच्या फटीतून हात घालून त्यांनी बाईंच्या डोक्यावर चार दाणे टाकले. रांगेतली माणसं हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी खोकं घेतलं आणि विचारलं, "काट्यावर तरी ठेवू ना?"

मी पुढे होऊन म्हटलं, "ठेवा. काटा म्हणजे जमीन नव्हे." माझी बारी झाली होती.

त्या संध्याकाळी तसंच पुढे जव्हारच्या कॅफेत नेऊन मामांनी मला लिसबेटबाईंना मेल लिहायला लावला. जमिनीला टेकवायचं नाही आणि आणणाऱ्याचा पहिला फेरा, हे त्यांना कळव म्हणाले. मी म्हटलं, मामा, तिकडचा पोस्टमन कुठला नाचायला. पण लिहिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, आणि पाठवल्यावर वाटलं, आता ती बाई आपल्याला वेड्यांत काढणार.

मग नुसती वाट बघणं. बोईसरहून निरोप आला, सोमवारी गाडी येतेय, तयार राहा. हेमराजने बॅग भरली. मी तिच्यावर केरसुणी आपटली नाही, नुसता तिच्या बाजूचा केर काढला.

शनिवारी सुदर्शनचा फोन आला, शेजारच्या दुकानात. "सपनाताई, सगळ्यांना घेऊन या. मी सांगत नाही, बघाच."

जीपने जव्हारला गेलो, रामी कडेवर. कॅफेत सुदर्शनने खुर्ची मामांना दिली. फोटो वरून खाली हळूहळू उघडत होता. आधी ढगाळ आभाळ, मग विटांचं घर, मग लाल जीभ. लिसबेटबाईंच्या गावातली, पार्सल आणणारी पोस्टाची बाई, अंगात जाड जॅकेट, पायांत भलेमोठे बूट, तोंडावर आमची त्राटिका. एक पाय वर, दोन्ही हात पसरलेले. मागे कोणीतरी ताट वाजवत होतं, पोरं उड्या मारत होती. आणि लिसबेटबाई बाजूला उभ्या होत्या, रिकामं खोकं दोन्ही हातांवर धरून. खाली लिहिलं होतं, जमिनीला टेकवलं नाही. खोकंसुद्धा नाही. रावण मिळेल का?

मामा पडद्याच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ त्यांनी तो वर उचललेला बूट बघितला. मला वाटलं, डोळे पुसतील. त्यांनी नाक ओढलं आणि सुदर्शनला म्हणाले, "पाय कच्चा हाय. पन फेरा घेतलान." मग माझ्याकडे न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "आमची सून हाय," त्यांनी कॅफेतल्या अनोळखी पोरांना सांगितलं. "टांगायचा तिनी काढला."

मी रामीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सुदर्शनला म्हटलं, लिहा, रावण मिळेल.

घरी आल्यावर हेमराजने बॅग उघडली. कपडे काढून दांडीवर टाकले, बॅग झटकली, आणि रावणाच्या लगद्यासाठी घरातली सगळी रद्दी तिच्यात भरून ओढ्यावर भिजवायला नेली.