पेटीत उगवलेलं बी

मित्रांनो, शेताच्या कडेला पत्र्याची शेड आहे ना, तिच्या कोपऱ्यात अंग चोरून उभं असलेलं जुनं पेरणीयंत्र म्हणजे मी. माझ्या निळ्या रंगाला भुलू नका, तो वरवरचा आहे.

वर बियांची पेटी, खाली नळ्या, नळ्यांच्या टोकाला फाळ, असा माझा देह. ट्रॅक्टर मला ओढायचा आणि मी मातीच्या कुशीत बी ठेवत जायचं. मला विकत आणलं वहिनींनी. सगळं गाव त्यांना वहिनीच म्हणतं. जमीन त्यांच्या दिरांच्या नावावर, पण दीर शहरात नोकरीला. इतकी वर्षं ती कसली वहिनींनीच.

पेरणीआधी त्यांची एक रीत असे. पेटीत मूठभर बी टाकायचं, एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसरा तळहात एकेका नळीखाली धरायचा. सगळ्या नळ्यांतून बी आलं की माझ्या पाठीवर थाप.

आमचा गहू गावातल्या गिरणीत जाई. गिरणीवाला चिडवायचा, "वहिनी, तुमच्यापेक्षा तुमचं यंत्रच जास्त कुरकुरतं."

"ते कुरकुरतं म्हणून तुझी गिरणी चालते," त्या म्हणायच्या. माझी छाती उगाच फुगायची.

मग सरकारने शेतीला मदत सुरू केली. चांगलंच झालं, असं मला वाटलं. पण ती मिळायची जमीन ज्याच्या नावावर त्याला. एका सुटीत दीर आले. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले आणि मग खाली बघत म्हणाले, "वहिनी, यंदापासून शेत राहू द्या. पैसे जमिनीवर मिळतात. पेरलं काय, न पेरलं काय. दुसरं कोणी कसतंय असं दिसलं तर उगाच भानगड."

वहिनी "बरं" म्हणाल्या. यंत्र शेडमध्येच राहू दे, एवढंच त्यांनी मागितलं.

शेतात गवत माजलं. माझ्या नळ्यांत कोळ्यांनी संसार थाटले. गिरणीवाला लांबून आलेल्या पिठाची पाकिटं विकू लागला. तो आता कोणाला चिडवत नाही.

आणि एक दिवस दिरांचा वहिनींना निरोप गेला, यंत्र तयार करा. वहिनी जवळजवळ पळतच आल्या, जपून ठेवलेल्या बियांची पिशवी काखेत घेऊन. मला धुतलं, तेल दिलं, दिरांनी पाठवलेला निळा रंग लावला. मग पेटीत बी ओतून चाक फिरवलं, तळहात धरला. एकेक नळी बोलू लागली.

तेवढ्यात दीर आले. "अहो, बी कशाला आणलंत? तपासणी आहे. शेत कसतोय असं दाखवायला यंत्र फोटोपुरतं शेतात उभं करायचंय."

वहिनींनी पिशवीचं तोंड बांधलं.

तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं, "शेत कोण कसतं?"

"मीच," दीर म्हणाले.

"आणि या?"

मग वहिनीच म्हणाल्या, "मी यांची वहिनी. यंत्र पुसायला आले होते."

फोटो झाला, मला परत शेडमध्ये लोटलं. पेटीतलं बी मात्र कोणी काढलं नाही. गळक्या पत्र्यातून ओल शिरली आणि बंद झाकणाखाली ते उगवलं. पांढरे, लांबट कोंब उजेड शोधत झाकणाला टेकले. मित्रांनो, जन्मभर मी बी मातीपर्यंत पोचवलं आणि माझ्याच पोटातल्या या लेकरांना वीतभर माती देऊ शकलं नाही. आता ते कोंब वाळलेत.

माझं सोडा, मी लोखंड आहे. पण उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला मदत द्यायची ते ठरवाल. तेव्हा जमीन कोणाची एवढंच विचारून थांबू नका, पेरतं कोण तेही विचारा. आणि उत्तर ऐकताना कडेला कोणी बाई खाली बघत उभी असेल, तर तिचे तळहात पाहा.