अर्धा मैल उत्तरेला

हमदुल्लाचाचांनी इंजिन बंद केलं आणि सवयीने पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली. फुजैराचा किनारा मागे धुरकट झाला होता. या जागी आलं की ते थांबत. समुद्रात बुडालेला माणूस तहानलेला जातो, असं त्यांच्या हर्णैच्या घरात मानत. म्हणून मृतासाठी फातिहा म्हणायचा आणि गोडं पाणी सोडायचं. खाली दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडो लागून बुडालेली, सुरुंग काढणारी छोटी युद्धनौका होती आणि तिच्या इंजिनखोलीत त्यांचे आजोबा.

मंजुषा हमरिया बंदरातल्या एका सर्वेक्षण कंपनीत समुद्रतळाची मोजणी करायची आणि कंपनी चाचांची बोट भाड्याने घ्यायची. गेल्या हिवाळ्यात त्यांनी तिला ही जागा दाखवली, ती एका अटीवर. "बाय, नकाशात टाकायची नाय. कुणाला सांगायची नाय." आणि बाटली तिच्या हातात दिली होती. "तू पण सोड थोडं. तुला म्हायत झालं, म्हणजे तू घरचीच."

आज दुसऱ्याच कामावरून परतताना तिनेच म्हटलं होतं, वाटेत एक फेरी मारू.

"जरा थांबा चाचा, आधी चित्र घेते," ती म्हणाली. तिने ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं सोनार यंत्र पाण्यात सोडलं. चाचांनी पुन्हा इंजिन लावलं, बोट त्याला हळूहळू ओढू लागली आणि पडद्यावर तळ ओळीओळीने उतरत गेला. वाळू. आणखी वाळू. जहाजाची लांब काळी सावली पडायला हवी होती तिथे एक खड्डा होता, कडांवर क्रेनच्या लोखंडी पंजाचे ओरखडे, आणि इकडेतिकडे विखुरलेले पत्रे.

"मशीन बिघडली काय?"

"नाही. मशीन बरोबर आहे."

तरी तिने त्याच रेषेवरून पुन्हा बोट न्यायला लावली. खड्डा तसाच होता. अणुस्फोटांच्या आधी ओतलेल्या पोलादात किरणोत्सर्गाचा अंश नसतो आणि नाजूक मोजमापाच्या उपकरणांना असं पोलाद लागतं, म्हणून जुनी बुडालेली जहाजं चोरून उचलतात, हे तिला गुणवंत सरांनी वर्गात शिकवलं होतं.

ते आठवलं आणि ती चाचांकडे वळली.

"चाचा, अर्धा मैल उत्तरेला घ्याल?"

"तिथं काय हाय?"

"काही नसायला हवं."

गुणवंत सरांनी तिला शिकवलं, मग आखातात आणलं, कंपनीत तिच्या पाठीशी उभे राहिले. या जहाजाबद्दल तिने त्यांनाच, आणि फक्त त्यांनाच, सांगितलं होतं. जहाजाला संरक्षण मिळवायचं तर अर्ज करायला हवा, ते म्हणाले, आणि अर्जाला ठिकाण लागेल ना, अगं. तिने दिलं. पण जिथे माणसांची हाडं आहेत ती जागा कागदावर नेहमी अर्धा मैल उत्तरेला लिहायची, ही तिची जुनी रीत. अर्ज मार्गी लागला की खरी जागा तोंडी सांगायची. सरांनी नंतर कधी विचारलंच नव्हतं.

अर्धा मैल उत्तरेला सपाट वाळूत चार नांगरांच्या खोल खुणा होत्या, चौकोनाच्या चार कोपऱ्यांना. कुणीतरी मोठा तराफा घेऊन आधी इथे आलं होतं, काही मिळालं नाही म्हणून आजूबाजूला शोधत गेलं होतं.

तिने फोन लावला.

"सर, त्या जहाजाचा अर्ज कुठवर आला?"

"प्रोसेसमध्ये आहे. इथलं तुला ठाऊकच आहे, सगळं इन्शाल्लावर."

"जहाज नाहीये, सर."

"काय सांगतेस? मच्छिमारांपैकी कुणीतरी फोडलं असेल. त्यांना तर–"

"नेणाऱ्यांचे नांगर आधी मी फक्त तुम्हाला दिलेल्या जागी पडलेत. तिथे जहाज कधी नव्हतंच."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"म्हणजे तू मला खोटी जागा दिलीस?" आवाज दुखावलेला होता, आणि दुखणं खरं होतं. "मला? इतक्या वर्षांनी हाच विश्वास?"

"सॉरी, सर," तिच्या तोंडून निघून गेलं. मग आपण काय बोललो ते कळून तिने फोन ठेवला.

चाचा सुकाणूवर हात टेकून तिच्याकडे बघत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"कितीजणांना सांगितलंस?"

"एकालाच. माझे सर आहेत ते. मला वाटलं, ते जहाज वाचवतील. विश्वासाने सांगितलं."

"मी पण," चाचा म्हणाले.

त्यांनी बोट वळवून पुन्हा खड्ड्यावर आणली आणि इंजिन थांबवलं. बाटलीचं झाकण उघडलं. मंजुषाचा हात नकळत पुढे झाला. तो त्यांनी पाहिला आणि बाटली दुसऱ्या हातात घेतली. मग ते पाण्याकडे वळले.

"लोखंडाबरोबर उचलून नेला असंल ना माझ्या आज्याला?"

"हो. बहुतेक."

"मग तुझ्या मशीनला विचार. पाणी आता कुठं सोडू?"

पडद्यावर तोच खड्डा होता. तिच्याकडे त्याची लांबी होती, रुंदी होती, खोलीही होती.

चाचांनी झाकण घट्ट लावलं, भरलेली बाटली पायाशी ठेवली आणि इंजिन सुरू केलं.