निशाणाच्या चार बोटं वर

मिएनतोंगची सख्खी आई त्याच राजवाड्यात राहत होती, पण तिचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. राजपुत्राने जन्मदात्या आईजवळ वाढायचं नाही, असा रिवाजच होता. जन्माच्या तिसऱ्या दिवशीच त्याला पूर्वेकडच्या महालातल्या राणीच्या स्वाधीन केलं होतं. नववर्षाच्या दरबारात आई तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलेली दिसे, तेवढंच. आता तो दहा वर्षांचा झाला होता. उन्हाळी परीक्षेत पाचांपैकी तीन बाण लावणाऱ्या राजपुत्राला एक मागणं मागता येईल, असं बादशहांनी सांगितलं होतं, आणि मिएनतोंगचं मागणं ठरलेलं होतं.

अडचण धनुष्याची होती. शिंग आणि स्नायू सरसाने जोडून केलेलं धनुष्य दमट हवेत नरम पडतं, म्हणून ते शेगडीच्या उबेतल्या कपाटात ठेवत. पण परीक्षेत नेम वयाच्या क्रमाने, आणि पाळी येईपर्यंत धनुष्य हातात धरूनच उभं राहायचं. सहा भावांत मिएनतोंग शेवटचा. महिनाभर त्याने स्वतः पडताळून पाहिलं होतं. कपाटातून काढल्याबरोबर सोडलेला बाण मध्यावर बसे; दमट दिवशी दोन उदबत्त्या जळेपर्यंत धनुष्य बाहेर राहिलं, की तोच बाण चार बोटं खाली जाई.

नेमकी परीक्षेच्या सकाळी भुरभुर सुरू झाली. माझं धनुष्य पाळीपर्यंत कपाटात राहू द्या, अशी विनंती त्याने गुरूंना केली. गुरू म्हणाले, असा लाड आजवर कुणाचा झालेला नाही. थोरला भाऊ मिएनहुआन चार बाण लावून परतला आणि हसला.

"काय रे धाकट्या, आता धनुष्याला दुलईत गुंडाळणार का?"

पाळी आली. मिएनतोंगने निशाणाच्या चार बोटं वर नेम धरला.

"खाली घ्या, राजपुत्र," गुरू मागून कुजबुजले. "बादशहा बघताहेत."

तो बिचकला, नेम खाली आला आणि बाण निशाणाखालच्या मातीत रुतला.

उरलेल्या चारांत तीन हवे होते. दुसऱ्या बाणाला त्याने गुरूंकडे लक्षच दिलं नाही. चार बोटं वर. लागला. तिसराही लागला. चौथा मात्र खालच्या कडेला घासून पडला. प्रत्यंचाही भिजली असणार, त्याने हिशेब केला. पाचव्याला त्याने पाच बोटं वर धरलं.

लागला.

आभाळात काय बघत होतास, असं बादशहांनी विचारलं. त्याने शेगडी, दमट हवा, उदबत्त्या, सगळं दरबारच्या मांचू भाषेत, एकदाही न अडखळता सांगितलं. बादशहांनी त्याचं धनुष्य मागवून स्वतः ओढून पाहिलं आणि गुरूंकडे एक नजर टाकली.

"माग."

त्याने मागितलं. रिवाज मोडणार नाही, बादशहा म्हणाले. पण एक कप चहा निवेपर्यंत त्याने पश्चिमेच्या अंगणात आईला भेटून यावं.

अंगणात ती एकटीच उभी होती, त्याच्या कल्पनेपेक्षा ठेंगणी. राजपुत्राचा मान मोठा म्हणून ती वाकली, आई म्हणून तोही त्याच क्षणी वाकला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली.

"लागलं का रे?" ती म्हणाली.

आवाज थोडा घोगरा होता. फारसं लागलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला, तिने आणखी काही विचारावं म्हणून.