भस्माचा टिपका अन् पंख्याची लाइन

आयटीआयला दोन वर्षं घातली मी, वायरमनचा कोर्स, इथंच लातुरात. वर्गात आम्ही तिघीच पोरी. पण सासरी माझी अक्कल गॅसच्या शेगडीपुरती. घरात एखादं बटण बिघडलं तरी बाहेरून माणूस बोलावतात, अन् मी त्याला चहा करून देते! सांगा, डोकं फिरणार न्हाई तर काय?

त्या सोमवारी नव्या घरात बसवेश्वरांची तसबीर लावायची होती. काचेची, लई जड. घरभरणीच्या पूजेला आलेल्या जंगम स्वामींनी पूर्वेच्या भिंतीवर भस्माचं बोट टेकवून जागा दाखवली होती. माझे सासरे मलप्पा, त्यांना आम्ही मामा म्हणतो, ते त्या टिपक्याला जिवापाड जपून राहिले होते. जाळं काढायलाही मला तिथं फिरकू देत नव्हते.

टिपका बरोबर स्विचबोर्डाच्या डोक्यावर. बोर्डातून वायरीचा पाइप भिंतीच्या पोटातून सरळ वर छताकडं जातो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन.

आमचे हे, संगमेश्वर, मित्राचं बॅटरीवरचं ड्रिल घेऊन लोखंडी स्टुलावर चढले. तेबी अनवाणी. खालची फरशी मीच नुकती पुसलेली, ओली.

"तिथं भोक पाडू नका," मी म्हणलं. "आत वायर हाय."

"मेन बंद केलाय गं."

"अन् तसंबी लाइट सकाळपासून गेलेलीच हाय," मामा म्हणले. "करंट काय आभाळातून येतो?"

मी नुसतं वर बोट दाखवलं. पंखा गरगर फिरून राहिला होता.

इन्व्हर्टर! 'लाइट गेली, लाइट गेली' म्हणत पंख्याखाली वारा खात बसायची सवयच लागलीय आमच्याकडं सगळ्यांना. पंखा फिरतो कशावर, हे कुणाच्या ध्यानातबी येत न्हाई.

"पंख्याची लाइन ह्याच बोर्डातून वर गेलीय. मेन बंद केला तरी ती इन्व्हर्टरवर चालूच राहते," मी म्हणलं.

मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जागा स्वामींनी दाखवलीय. चार बुकं शिकलीस म्हणून स्वामींपेक्षा शहाणी झालीस का? संगू, चालव तू."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. अन् ऐकलं बापाचंच. ड्रिलचं टोक टिपक्यावर टेकलं.

भ्याले, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा राग मोठा होता. पदर खोचला, शेजारच्या खुर्चीवर चढले, टोक बाजूला ढकललं अन् माझा पंजाच ठेवला टिपक्यावर.

"आता चालवा. माझ्या हातातून आरपार चालवा."

ह्यांनी बटणावरचं बोट काढलं.

"अगं हात काढ! भस्म पुसलं जाईल!" मामा ओरडले.

"जाऊ द्या पुसलं! भस्म स्वामी पुन्हा लावतील, मामा. तुमचा पोरगा तुम्हाला पुन्हा कोण देईल? स्वामींनी भिंत पाहिली, भिंतीच्या आतलं न्हाई पाहिलं. ते वायरमन न्हाईत. मी हाय!"

घरात आजवर मामांना असं कुणी बोललं नव्हतं. नजर खाली ठेवूनच त्यांनी विचारलं, "संगू, मग कुठं लावायची?"

"ह्यांना काय विचारता? मला विचारा ना!"

मामांनी घसा खाकरला. ह्यांच्याकडं पाहिलं, पण हे स्टुलावरून उतरून बाजूला उभे राहिले होते.

"सूनबाई," मामा म्हणले, "कुठं?"

मी आधी इन्व्हर्टर बंद केला. बोर्डात टेस्टर लावून पाहिला, त्याचा दिवा लागला न्हाई. पायात चपला चढवल्या. बोर्डापासून चांगलं दोन हात बाजूला, जिथं वर-खाली, आजूबाजूला ना बटण ना दिवा, तिथं पेन्सिलनं खूण केली. भिंत तीच, पूर्वेची.

हे ड्रिल घेऊन पुढं आले.

"ते माझ्याकडं द्या," मी म्हणलं. "तुम्ही तसबीर धरा."