सरपणात टोपलीचं झाड

फिलोमीनला राग यायला कारण लागत नाही, असं गावातले लोक म्हणत. साफ खोटं. कारण नेहमी असायचं, फक्त ते तिला इतरांच्या आधी दिसायचं. त्या सप्टेंबरच्या सकाळी ते दिसलं तळ्याकाठच्या तंबूंपाशी, एका विझलेल्या चुलीशेजारी.

तंबूंची जागा तिचा भाचा क्लेटन सांभाळायचा. त्याच्यासाठी शिजवलेल्या घेवड्याचं भांडं घेऊन ती निघाली होती. आत शिरतानाच तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: बाहेरचं लाकूड आणू नका. जाळायचं तर इथलंच जाळा. खाली तिनं आणखी एक ओळ घातली होती, 'वाचता येत नसेल तर विचारा.' ती क्लेटननं पुसून टाकली होती.

चुलीतलं एक लाकूड अर्धंच जळलं होतं. सरळ धाग्याचं, फिकट, उभ्या-तिरप्या चिरा पडलेल्या जाड सालीचं. फिलोमीन थांबली. भांडं खाली ठेवलं, खिशातला चाकू काढला आणि साल सोलली. आत नागमोडी बोगदे, एकात एक गुंतलेले, भुशानं भरलेले. सालीवर तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक, एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं गोल.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हे लाकूड होतं ॲश नावाच्या झाडाचं. इथल्या दलदलीत त्याचीच काळपट जात वाढते, तिला गावात टोपलीचं झाड म्हणतात. ओंडका कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकत राहिलं, की वर्षावर्षाचा थर पट्टीसारखा सुटून येतो आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. फिलोमीन विणायची, तिची आई विणायची, आता नात विणायला लागली होती. दहा झाडांतलं एखादंच टोपलीच्या लायकीचं निघतं. सगळ्या ॲशच्या मुळावर उठलेला हिरवा भुंगा गेली काही वर्षं दक्षिणेकडून एकेक तालुका खात वर येत होता. भुंग्याला स्वतःला फार लांब उडता येत नाही. त्याला गाडी लागते, आणि ती माणसं देतात, सरपण भरून.

तंबूतून एक माणूस कॉफीचा मग घेऊन बाहेर आला.

"गुड मॉर्निंग!"

"कसली गुड मॉर्निंग! हे लाकूड कुठून आणलंत? पाटी वाचता येत नाही का? डोळे घरी ठेवून आलात?"

"बाई, आम्ही नाही हो आणलं," तो बिचारा मग सांभाळत म्हणाला. "इथल्या माणसानं दिली मोळी. पाटी वाचली आम्ही."

"दोनदा वाचली," तंबूतून त्याची बायको म्हणाली.

फिलोमीननं माफीबिफी काही मागितली नाही. ते लाकूड काखेत मारलं आणि ती क्लेटनच्या खोपटाकडे निघाली. घेवडा तिथेच राहिला.

क्लेटन होडीचं इंजिन खोलून बसला होता. चाळिशीचा माणूस, पण आत्या दिसली की बाराचा व्हायचा.

"मुडद्या!" तिनं लाकूड त्याच्या पायाशी आपटलं. "काय विकत सुटलायस लोकांना? कुठल्या हायवेवरनं उचललंस हे? कोण तो चोर, नाव सांग. मी आत्ता जाते आणि त्याच्या दारात उभी राहून त्याची सात पिढ्यांची..."

"आत्या, अगं ऐक."

"काय ऐकू? दलदलीत चारशे झाडं उभी आहेत माझी!"

"तुझ्या शेडमधलं आहे ते," क्लेटन म्हणाला.

"काय?"

"तुझ्याच शेडमधलं. माझ्याकडची मोळी संपली होती, तूच म्हणालीस ना, ने थोडी, मागून भरून दे म्हणून."

फिलोमीन गप्प झाली. क्लेटननं ते उभ्या जन्मात दोनदाच पाहिलं होतं, आणि एकदा कुणीतरी वारलं होतं.

मार्चमध्ये बर्फावरून घसरून तिचं मनगट मोडलं होतं. त्यामुळे या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदाच, तिनं आपलं सरपण आपण तोडलं नव्हतं. एरवी ती स्वतः रानात जायची, उभा वाळलेला मेपल हेरायची, दोन लाकडं एकमेकांवर आपटून आवाज ऐकायची, ढलपी नाकाला लावायची. मे महिन्यात मुलगी लिओना आणि जावई ट्रॅव्हिस दक्षिणेतून ट्रक भरून लाकूड घेऊन आले. आईनं थंडीत कुडकुडू नये म्हणून. ट्रॅव्हिसनं एकट्यानं सगळं उतरवलं, रचलं. फिलोमीन प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून खिडकीतून ओरडत होती, "साल वर कर, साल वर! पाऊस आत जाईल!"

आणि तिनं एक प्रश्न विचारला होता. "वाळलंय का रे नीट?"

"आई, हे ओलंसुद्धा जळतं," ट्रॅव्हिस म्हणाला होता.

ओलं जळणारं लाकूड एकच, ॲशचं. शेंबड्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट. तिला वाटलं होतं जावई फुशारक्या मारतोय. कारण या गावात टोपलीच्या झाडाच्या जातीचं काहीही कुणी चुलीत घालत नाही, मग सरपणात ते शोधायची सवय तरी कुणाच्या डोळ्याला असणार? लोकांच्या गाड्या तपासत फिरली ही बाई, आणि स्वतःच्या शेडमध्ये एकदाही वाकून बघितलं नाही!

ती शेडकडे चालायला लागली तेव्हा पळतच होती म्हणा ना. क्लेटन मागून. शेडच्या छोट्या खिडकीत कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात भुंगे अडकून मेले होते. हिरवे, चकचकीत. तिनं मोजले. सात. जाळ्यात सापडले ते सात. बाकीचे खिडकीतून जूनमध्येच बाहेर पडले असणार, आणि खिडकीबाहेर पन्नास पावलांवर दलदल सुरू होत होती.

"नालायक," ती म्हणाली. "नालायक बाई." मग शेडच्या फळीला तिनं लाथ घातली, इतक्या जोरात की वरचं पत्र्याचं छप्पर खडखडलं.

"आत्या, हे बघ," क्लेटन हळूच म्हणाला. "आजच्या आज सगळं जाळून टाकतो. संध्याकाळपर्यंत राख. मग कुणाला काय कळतंय? झाडं सुकायला लागायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर किती तंबूवाले येऊन जातील. त्यांच्यावर जाईल नाव."

तिनं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरकला.

"दोन-तीन वर्षं? अरे गाढवा, तीच तर हवीत! आज कळलं तर लोक चांगली झाडं आत्ता तोडतील, ओंडके पाण्यात बुडवून ठेवतील, ठोकून पट्ट्या काढतील, बी गोळा करतील. तुझ्या आत्याचं नाक शाबूत राहावं म्हणून गावानं दोन वर्षं झोपा काढायच्या? तू माझ्या भावाचा मुलगा आहेस का बाजारातून आणलंय तुला?"

"मी तुझ्यासाठीच बोलत होतो."

"ट्रॅव्हिसनंही माझ्यासाठीच आणलं होतं! पुरे झालं सगळ्यांचं माझ्यासाठी. जाळ हे. एक ढलपी मागे ठेवू नकोस."

"आणि जानेवारीत काय जाळशील?"

"ती पाटी जाळीन!"

जाळ्यातले भुंगे तिनं काडेपेटीत भरले, सोललेली साल घेतली आणि ती निघाली. जायचं होतं अ‍ॅग्नेसकडे. दुसरं कुठलंही घर चाललं असतं तर ती दुसऱ्या घरी गेली असती. पण गावात टोपल्या विणणाऱ्यांत थोरली अ‍ॅग्नेस, दलदलीतल्या झाडांना हात लावायचा तर शब्द तिचा.

गेल्या वर्षी अ‍ॅग्नेसचा नातू जत्रेहून येताना दोन ओंडके घेऊन आला होता. फिलोमीननं भर सभेत अ‍ॅग्नेसला उभं केलं होतं. "तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का?" सत्तरी ओलांडलेली बाई, सगळ्या गावासमोर. दुसऱ्या दिवशी ते ओंडके मेपलचे निघाले. फिलोमीन म्हणाली होती, "बरं झालं," आणि तो विषय तिच्यापुरता संपला होता. अ‍ॅग्नेस तेव्हापासून तिच्याशी बोलत नव्हती.

अ‍ॅग्नेस ओट्यावर बसून चाकूनं पट्टी तासत होती. फिलोमीननं समोर काडेपेटी उघडून ठेवली, शेजारी साल ठेवली.

"माझ्या शेडमधून," ती म्हणाली. "जावयानं आणलं. मेपासून पडलंय. मी बघितलं नाही. क्लेटननं त्यातल्या मोळ्या तंबूवाल्यांनाही दिल्यात. चूक माझी, सगळी माझी."

अ‍ॅग्नेसनं चष्मा पुसला. एक भुंगा नखानं उलटा केला. मग उठून आत गेली.

फिलोमीन उभीच. आतून आदळआपट ऐकू आली. तिला वाटलं, आता येईल, आता तोंडाचा पट्टा सोडेल, आणि सोडावाच. वर्षाची थकबाकी आहे. तिनं ऐकायची तयारी केली होती.

अ‍ॅग्नेस बाहेर आली ती डोक्याला रुमाल बांधून, पायात रबरी बूट, हातात कुऱ्हाड.

"चल. उजेड आहे तोवर दहा-बारांना खुणा करू. उद्या पोरांना बोलावते."

"अगं, काहीतरी बोल की! शिव्या घाल. मी तुला सभेत उभं केलं होतं, विसरलीस का?"

"विसरते कशाची! बोलायला अख्खा हिवाळा पडलाय. तुझ्या शेडमध्ये आता काडी नाही, येऊन बसशील माझ्याच शेगडीपाशी. तेव्हा बोलीन. रोज बोलीन."

दोघी दलदलीत शिरल्या. एरवी फिलोमीन एका झाडाला अर्धा तास घ्यायची. सालीवरून हात फिरवायची, खोड सरळ वर जातंय का बघायची, बारीकशी खाच पाडून वर्षांचे थर मोजायची, आणि बहुतेकदा मान हलवून पुढे जायची. आज अ‍ॅग्नेस विचारत गेली, "हे?" आणि ती "हो" म्हणत गेली. "हे?" "हो." प्रत्येक होकाराबरोबर तिचा जबडा जास्तच आवळत होता, आणि दुखऱ्या मनगटाची तिला शुद्ध नव्हती.

सातव्या झाडापाशी ती अडली. मनगटाहून थोडं जाड, सरळसोट, वरपर्यंत हिरवंगार.

"हे नको," ती म्हणाली. "पोर आहे अजून. वीस वर्षं लागतील. नातीच्या हाताला येईल हे."

"आज निदान बारीक पट्ट्या तरी निघतील. नातीच्या वेळेला हे उभं असेल?" अ‍ॅग्नेसनं विचारलं. "तू सांगतेस मला? तू?"

 फिलोमीननं अ‍ॅग्नेसच्या हातातून कुऱ्हाड हिसकावली आणि झाडावर खूण स्वतः केली.