मिठात अडकलेलं पाणी

दुपारी तीनला ड्रिलचा वेग वाढला. ताशी बारा मीटरवरून एकदम सव्वीस.

मीनाक्षी पाताडेने चहाचा कप बाजूला सारला. माझगावच्या ऑफिसात बसून ती आफ्रिकेजवळच्या समुद्रातल्या एका तेलविहिरीवर लक्ष ठेवून होती. तिथल्या जहाजावरचे आकडे दर पाच सेकंदांनी तिच्या पडद्यावर येत. ड्रिल मिठाच्या जाड थरातून खाली जात होतं. मिठातून पाणी पाझरत नाही. त्यामुळे त्याच्याखाली अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते आणि वरच्या खडकांचं ओझं त्या पाण्यावरच येतं. मिठाचा तळ ३६५० मीटरवर आहे, असं मीनाक्षीनेच रिपोर्टात लिहिलं होतं. त्याआधी थांबायचं आणि विहिरीत भरलेला मड, म्हणजे दाब अडवून धरणारा गाळ, आणखी जड करायचा, असं ठरलं होतं.

आता खोली होती ३५४२, आणि वेग एकदम वाढला म्हणजे ड्रिल मिठातून बाहेर पडलं असण्याची शक्यता होती.

तिने समुद्रतळाखालच्या थरांचा जुना नकाशा उघडला. बरोबर त्याच खोलीवर एक पुसट रेघ होती. सहा महिन्यांपूर्वी तिने ती पाहिली होती आणि यंत्राचा गोंधळ समजून सोडून दिली होती. ती खुर्ची मागे सारून उठली.

"सर, ड्रिल थांबवायला हवं," ती हर्बर्ट सरांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली.

हर्बर्ट सर तीस वर्षं या कामात होते. त्यांनी आकडे पाहिले. "मऊ मिठाचा पट्टा असेल. परवा पण तू थांबवलंस. तीन तास गेले, निघालं काहीच नाही."

"परवा मी घाबरले होते. आज माझी चूक दिसतेय." तिने रेघेवर बोट ठेवलं. "हा मिठात अडकलेला खडकाचा तुकडा असू शकतो. चारी बाजूंनी मीठ, आत पाणी. रिपोर्टात मी हे लिहिलंच नाही."

"हे तू लेखी देशील?"

"देईन. पण आधी फोन लावा."

जहाजावरचा ड्रिलिंगप्रमुख आल्विन माझगावचाच. त्याने ऐकून घेतलं आणि उसासा टाकला. "मॅडम, परत? इथे लोक वैतागलेत."

"पंप बंद करून वीस मिनिटं बघ. मड आपोआप वर येतोय का, एवढंच."

३५४४ वर ड्रिल थांबलं. पंप बंद झाले; आता मड वर आला, तर त्याला खालचं पाणीच ढकलत असणार.

पाच मिनिटं. दहा. आल्विन म्हणाला, "काही नाही मॅडम. सगळं शांत."

हर्बर्ट सर तिच्याकडे बघत होते. सुरू करा म्हणावं, असं तिला क्षणभर वाटलं.

"वीस म्हणाले होते मी," ती म्हणाली.

चौदाव्या मिनिटाला आल्विनचा सूर बदलला. "थांबा. धार आहे... बारीक, बोटाएवढी." मग मागे कुणाला तरी ओरडून, "अरे, वाढतेय ती! बंद कर, विहिरीचं तोंड बंद कर!"

फोन चालूच राहिला. धावपळ, भोंगा, इंग्रजी आणि पोर्तुगीज आरडाओरडा. जहाजावर एकशे बारा माणसं होती. मीनाक्षीने टेबलाची कड घट्ट धरली. हर्बर्ट सर उभे राहिले होते, ते तसेच उभे होते.

चार मिनिटांनी आल्विन परत आला. त्याला धाप लागली होती. "व्हॉल्व्ह बसला. विहीर बंद आहे. खालून दाब सातशे चाळीस पौंड." जरा थांबून तो म्हणाला, "अजून दहा मीटर गेलो असतो ना मॅडम, तर हा व्हॉल्व्ह पुरला असता की नाही, सांगता येत नाही."

जड मड भरून विहीर ताब्यात यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. कुणाला खरचटलंही नाही.

मीनाक्षीने अहवालाच्या पहिल्याच ओळीत आपली चूक लिहिली. हर्बर्ट सर वाचून म्हणाले, "ही ओळ शेवटच्या पानावर गेली तरी चाललं असतं."

"शेवटचं पान कोण वाचतं, सर?"

पुढची विहीर तिला मिळाली नाही, ते काम ऑफिसातल्याच मेघनाकडे गेलं. मीनाक्षीने विचारलं तेव्हा हर्बर्ट सर नजर चुकवत म्हणाले, "वरून आलंय." तिला वाईट वाटलं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती मेघनाच्या विहिरीचे नकाशे मागून घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत तिला तिथेही तशीच एक पुसट रेघ सापडली.